दार लावण्याची जबाबदारी : डोअर क्लोजरचा इतिहास आणि त्याच्या निवडीचे व बसवणीचे प्रश्न

१. प्रस्तावना :
वास्तुविषयक लेखनात दार उघडण्याला जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे दार लावण्याला मिळाले नाही. महाद्वार, तोरण, गणेशपट्टी, उंबरठा यांविषयी विपुल लिहिले गेले. उघडलेले दार पुन्हा लावण्याचे काम मात्र इतके किरकोळ मानले गेले की त्याची नोंद ठेवण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम यंत्राकडे सोपविण्यास प्रारंभ झाला. दाराच्या माथ्यावर बसविलेली लहानशी धातूची पेटी आणि तिचा दुमडणारा दांडा, म्हणजेच डोअर क्लोजर, आज कार्यालये, रुग्णालये व महाविद्यालये यांत सर्वत्र दिसते. प्रस्तुत निबंधात या साधनाच्या विकासाचा मागोवा घेऊन त्याची निवड आणि बसवणी हा केवळ सुताराच्या अखत्यारीतील विषय आहे काय, याचा विचार केला आहे. यंत्राने दार लावण्याचे श्रम पत्करले, परंतु त्यामागील जबाबदारी माणसाकडेच राहिली, हे या निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

२. माणसाकडून यंत्राकडे :
यंत्रपूर्व काळात दार लावणे हे नेमून दिलेले काम होते. गडाचे दरवाजे ठरावीक वेळी बंद होत व ठरावीक वेळी उघडत. रायगडावरील हिरकणीची लोककथा याच शिस्तीवर उभी आहे. वाड्याच्या देवडीवर पहारेकरी असे. मोठा दरवाजा वारंवार उघडावा लागू नये म्हणून त्यातच लहान दिंडी दरवाजा ठेवण्याची पद्धत होती. दार उघडे राहिले तर जाब कोणाला विचारायचा, हे या व्यवस्थेत स्पष्ट होते.

दार आपोआप हलावे ही कल्पनाही प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या अभियंत्याने आपल्या ‘न्यूमॅटिका’ या ग्रंथात मंदिराच्या दारांची एक रचना वर्णिली आहे. वेदीवर अग्नी पेटविला की तापून प्रसरण पावलेली हवा पाण्याला ढकलते, ते पाणी टांगलेल्या भांड्यात जमा होते आणि भांड्याच्या वजनाने दारे उघडतात. अग्नी विझला की पाणी परत फिरते व दुसऱ्या बाजूचे वजन दारे मिटविते. या रचनेचा हेतू भाविकांना विस्मयचकित करण्याचा होता. तथापि मिटविण्याचे काम वजनाकडे सोपविण्याची युक्ती पुढील काळातही टिकून राहिली. दोरी, कप्पी व वजन यांची जोडणी, दार उघडताना त्याला किंचित वर उचलणारी बिजागरी आणि साधी स्प्रिंग ही तिची रूपे होत.

या सर्व युक्त्यांत एक दोष समान होता. दार मिटविण्याइतका जोर त्यांत होता, पण तो आवरण्याची सोय नव्हती. स्प्रिंग हलकी ठेवावी तर दार चौकटीपर्यंत पोहोचत नसे. ती ताठ करावी तर दार धाडकन आदळे, काच फुटे किंवा मागून येणाऱ्याच्या अंगावर येई. स्वयंचलित मिटण्याचा खरा प्रश्न अशा रीतीने वेगनियंत्रणाचा होता.

३. हवेकडून तेलाकडे :
या प्रश्नाच्या उत्तराशी अमेरिकेतील लुईस सी. नॉर्टन याचे नाव निगडित आहे. बोस्टन येथील ट्रिनिटी चर्चची नवी वास्तू १८७७ मध्ये पूर्ण झाली. तेथील जड दारे आदळू नयेत म्हणून त्याने हवेच्या दाबावर चालणारा रोधक तयार केला, असे या व्यवसायाच्या इतिहासात सांगितले जाते. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पडलेले ‘एल.सी.एन.’ हे नाव आजही या क्षेत्रात परिचित आहे. हवेच्या रोधकाची मर्यादा हवेच्या गुणधर्मातच होती. हवा दाबली जाते, त्यामुळे दाराची गती एकसारखी राहत नाही. द्रव जवळजवळ दाबला जात नाही. म्हणून पुढील काळात हवेची जागा तेलाने घेतली.

आजच्या प्रचलित डोअर क्लोजरची रचना याच तत्त्वावर आधारलेली आहे. दार उघडताना आर्मच्या योगाने दातेरी चक्र फिरते, दट्ट्या सरकतो आणि स्प्रिंग दाबली जाते. उघडणाऱ्याचीच शक्ती अशा रीतीने साठविली जाते. दार सोडल्यावर स्प्रिंग दट्ट्याला मागे ढकलते, परंतु त्याच्या वाटेतील तेलाला अरुंद मार्गाने जावे लागत असल्याने दार संथपणे मिटते. हा मार्ग कमी-अधिक करणारे स्क्रू बाहेरून फिरविता येतात. सामान्यतः एक स्क्रू मिटण्याच्या मुख्य टप्प्याचा आणि दुसरा लॅच बसण्याच्या अखेरच्या टप्प्याचा वेग ठरवितो.

याच काळात दुसरे एक उत्तरही पुढे आले होते. फिलाडेल्फिया येथील थिओफिलस व्हॅन कॅनेल याने १८८८ मध्ये फिरत्या दाराचे पेटंट घेतले. ते दार कधी उघडे राहतच नाही, म्हणून मिटविण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. त्याची दुसरी बाजू बोस्टनमधील कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला २८ नोव्हेंबर १९४२ रोजी लागलेल्या आगीत दिसली. प्रवेशद्वाराचे फिरते दार पळणाऱ्यांच्या गर्दीने अडकले. त्या आगीत ४९२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर फिरत्या दाराशेजारी बाहेर उघडणारी साधी दारे ठेवण्याचे नियम पुढे आले. दार सहज उघडले पाहिजे आणि माणूस गेल्यावर मिटलेही पाहिजे, ही दुहेरी मागणी बिजागरीचे दार व डोअर क्लोजर यांची जोडीच पुरी करू शकत होती.

४. आगीने दिलेले धडे :
प्रारंभी डोअर क्लोजरकडे थंडी, वारा व आवाज रोखण्याचे साधन म्हणून पाहिले जाई. आगीच्या प्रसंगी त्याचे महत्त्व किती मूलभूत आहे, हे विसाव्या शतकातील दुर्घटनांनी दाखविले. शिकागो येथील अवर लेडी ऑफ द एंजल्स या शाळेत १ डिसेंबर १९५८ रोजी तळघरातील जिन्याच्या पायथ्याशी आग लागली. पहिल्या मजल्यावर जिना व मार्गिका यांच्यामधील दार बंद होते. वरच्या मजल्यावर असे दारच नव्हते. धूर व ज्वाला जिन्यातून थेट वर गेल्या आणि ९२ विद्यार्थी व ३ शिक्षिका-जोगिणी प्राणास मुकल्या.

दार आहे, पण ते मिटत नाही, ही यापुढची अवस्था होय. लंडनमधील ग्रेनफेल टॉवरच्या १४ जून २०१७ रोजीच्या आगीत ७२ जण मृत्युमुखी पडले. आग पसरण्याचे मुख्य कारण इमारतीचे ज्वलनशील बाह्य आवरण होते. तथापि ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने अनेक सदनिकांची प्रवेशदारे आपोआप न मिटल्याने धूर आतील मार्गांत पसरला, याचीही नोंद घेतली आणि ही साधने किमान दर तीन महिन्यांनी तपासण्याची शिफारस केली.

न्यूयॉर्कमधील घटनाक्रम अधिक बोलका आहे. ब्राँक्स भागात २८ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत घराबाहेर पळालेल्या कुटुंबाचे दार उघडे राहिले व आग जिन्यात शिरली. त्या आगीत १३ जण दगावले. त्यानंतर २०१८ मध्ये शहराने स्वयंबंद दारांविषयीचे नियम कडक करून ३१ जुलै २०२१ ही मुदत घातली. ती मुदत उलटल्यावर ९ जानेवारी २०२२ रोजी ब्राँक्समधीलच ट्विन पार्क्स या १९ मजली इमारतीत आग लागली. आग लागलेल्या घराचे दार मिटले नाही, वरच्या मजल्यावरील जिन्याचे दारही उघडे राहिले आणि १७ जणांचा धुराने मृत्यू झाला. नियम होता, साधनही होते. मिटण्याची क्रिया तेवढी घडली नाही.

५. निवडीचे निकष :
या पार्श्वभूमीवर डोअर क्लोजरची निवड दुकानदाराच्या शिफारशीवर सोडणे उचित ठरत नाही. पहिला निकष दाराची रुंदी व वजन हा होय. ई.एन. ११५४ या युरोपीय मानकात स्प्रिंगच्या जोरानुसार १ ते ७ अशा श्रेणी आहेत. श्रेणी ३ ही ९५० मिलिमीटर रुंद व ६० किलोग्रॅम वजनापर्यंतच्या, तर श्रेणी ४ ही ११०० मिलिमीटर व ८० किलोग्रॅमपर्यंतच्या दारासाठी आहे. अग्निरोधक दारास श्रेणी ३ पेक्षा कमी जोर चालत नाही. भारतात डोअर क्लोजरसाठी आय.एस. ३५६४ व जड दारांच्या फ्लोअर स्प्रिंगसाठी आय.एस. ६३१५ ही मानके आहेत.

दुसरा निकष दार वापरणाऱ्यांचा आहे आणि तो बहुधा दुर्लक्षित राहतो. स्प्रिंगमध्ये साठणारी शक्ती दार उघडणाऱ्याकडूनच वसूल केली जाते. जोर वाढविला की दार खात्रीने मिटते, पण वृद्ध, बालक, कुबडी वा चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती यांना ते उघडत नाही. अमेरिकेतील अपंगत्वविषयक सुगम्यता मानकांनी २०१० मध्ये आतील साध्या दारांसाठी उघडण्याच्या जोराची मर्यादा ५ पौंड, म्हणजे सुमारे २२ न्यूटन, ठेवली आणि ९० अंशांपासून १२ अंशांपर्यंत मिटण्यास किमान ५ सेकंद लागावेत असे ठरविले. अग्निरोधक दारे मात्र जोराच्या या मर्यादेतून वगळली आहेत. दोन न्याय्य गरजांमधील हा ताण केवळ स्क्रू फिरवून सुटत नाही. जेथे वर्दळ सतत असते तेथे दार विद्युतचुंबकाने उघडे धरून धोक्याचा इशारा होताच सोडणारी व्यवस्था हा त्यावरील एक मार्ग होय.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ब्रुनो लातूर यांनी १९८८ मध्ये ‘सोशल प्रॉब्लेम्स’ या नियतकालिकात जिम जॉन्सन या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधात नेमका हाच मुद्दा उपस्थित केला होता. शेकडो माणसांना दार लावण्याची शिस्त लावण्याऐवजी समाज ते काम एका निर्जीव वस्तूकडे सोपवितो. ती वस्तू मग आपल्या परीने माणसांत भेद करू लागते. काहींना वाट देते, काहींना अडविते. डोअर क्लोजरची निवड हा अशा अर्थाने सामाजिक निर्णयही ठरतो.

६. बसवणी व देखभाल :
उत्तम साधनही सदोष बसवणीने निरुपयोगी होते. बिजागऱ्या सैल असतील, दार फरशीला घासत असेल किंवा चौकट फुगली असेल, तर तो दोष आधी दूर करावा लागतो. दार हाताने सहज व पूर्ण मिटते याची खात्री झाल्यावरच डोअर क्लोजर बसविणे इष्ट होय. दाराच्या ओढण्याच्या बाजूस नेहमीचा आर्म सर्वाधिक परिणामकारक ठरतो. ढकलण्याच्या बाजूस समांतर आर्म लावावा लागल्यास जोर घटतो व तो हिशेबात धरावा लागतो. छिद्रे सोबतच्या कागदी साच्यानुसारच पाडावीत, कारण काही मिलिमीटरच्या फरकानेही मिटण्याची गती बिघडते. पोकळ फ्लश दारात स्क्रू पकडण्यासाठी आत भरीव लाकूड नसेल तर पेटी कालांतराने उखडते. वेगाचे स्क्रू थोडे थोडे फिरवावेत. ते पूर्ण बाहेर काढल्यास तेल गळून साधनच निकामी होते. शेवटची कसोटी म्हणजे दार थोडेसेच उघडून सोडले तरी लॅच बसलाच पाहिजे.

त्यापुढचा प्रश्न देखभालीचा. तेलाची ओल, सुटलेला आर्म आणि उंबऱ्याशी ठेवलेली वीट किंवा कडीला बांधलेली सुतळी, ही दृश्ये सार्वजनिक इमारतींत अपरिचित नाहीत. वीट ठेवणारा माणूस बेफिकीर असतोच असे नाही. पुष्कळदा ते दार त्याच्या हातांना जड झालेले असते. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत अग्निरोधक दारे स्वयंबंद असणे अपेक्षित आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतील उपाययोजना सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावयाचे असते. या तपासणीत अग्निशामक नळकांड्यांइतकेच लक्ष जिन्याच्या दारांकडेही दिले जाणे आवश्यक आहे.

७. निष्कर्ष :
डोअर क्लोजरच्या सुमारे दीड शतकाच्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, जोर निर्माण करण्यापेक्षा जोर आवरणे हा या साधनाचा खरा शोध होय. दोन, त्याचे महत्त्व सोयीकडून सुरक्षिततेकडे सरकले, आणि त्याची किंमत आगीत बळी पडलेल्यांनी मोजली. तीन, देवडीवरील पहारेकऱ्याला जाब विचारता येत असे, तसा तो यंत्राला विचारता येत नाही. म्हणून ते निवडणारा, बसविणारा आणि तपासणारा यांची जबाबदारी वाढते. ज्या संस्थांत शेकडो विद्यार्थी रोज जिने चढतात-उतरतात, तेथे कोणते दार मिटत नाही, हे दारांना क्रमांक देऊन ठरावीक काळाने नोंदविण्यास फारसा खर्च येत नाही. ती नोंद ठेवण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते.