पेंगणारा विद्यार्थी

तुमच्या वर्गात एखादा मुलगा पाढे म्हणता म्हणता पेंगतो. तुम्ही त्याला दटावता. पण "बाळ, आज किती वाजता उठलास?" असे कधी त्याला विचारले आहे काय? हाच प्रश्न घेऊन आज आपण इंग्लंडात जाऊ. काळ सातव्या एडवर्ड राजाचा, म्हणजे १९०१ ते १९१० चा.

हा काळ मोठा सुखाचा म्हणून सांगितला जातो. बागेतल्या मेजवान्या, रेशमी पोशाख, सगळा थाटमाट. पण तो मुलाच्या डोळ्यांनी पाहा. श्रीमंताघरचे मूल माडीवरच्या खोलीत दाईच्या हाती वाढे. संध्याकाळी नवे कपडे घालून त्याला घटकाभर आईबापांपुढे नेत, तेवढीच भेट. सात-आठ वर्षांचा झाला की मुलगा दूरच्या वसतिगृहात जाई. खायला काही उणे नव्हते; उणी होती ती आईची मांडी.

आता लँकेशायरच्या सूतगिरणीत चला. तिथे बारा वर्षांचे मूल अर्धवेळ कामगार असे. पहाटे उठून सहाला गिरणीत, दुपारी शाळेत. पुढच्या आठवड्यात सकाळी शाळा, दुपारी गिरणी. बाकावर बसले की त्याचे डोळे मिटत.

आईबाप निर्दय होते म्हणावे, तर तसेही नाही. सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहराची घरोघर पाहणी करून १९०१ मध्ये ती प्रसिद्ध केली. शहरातले शेकडा २८ लोक दारिद्र्यात होते! अशा घराला पोराची तुटपुंजी मजुरीही सोडवत नसे. १९०९ मध्ये गिरणीकामगारांचा कौल घेतला, तेव्हा मुलांचे कामाचे वय वाढवायला बहुतेकांनी विरोधच केला.

बोअर युद्धाच्या वेळी भरतीला आलेले कितीतरी तरुण अशक्त ठरले, तेव्हा सरकार जागे झाले. १९०६ मध्ये गरीब विद्यार्थ्यांना शाळेत जेवण देण्याची मुभा मिळाली, १९०७ मध्ये वैद्यकीय तपासणी आली आणि १९०८ मध्ये मुलांसाठी वेगळी न्यायालये. अर्धवेळ पद्धत बंद करणारा कायदा मात्र १९१८ साली झाला.

आणि आपल्याकडे? इंग्लंडात १८८० पासून शिक्षण सक्तीचे होते. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये इथल्या मुलांसाठी तसेच विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. राज्य तर त्याच इंग्रजांचे होते!

म्हणून गुरुजी, पेंगणाऱ्या पोरावर छडी उगारण्याआधी त्याच्या घरची पहाट कशी उजाडते, ते एकदा विचारा.