मिटत्या चाकूचे धातु



पेन्सिलीला टोक करण्याचा मिटता चाकू आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असेल. तो उघडून एकदां नीट पाहा. पातें धार धरतें. पाठीवरची कमान, म्हणजे स्प्रिंग, लवते व पात्याला जागेवर रोखते. आंतल्या पट्ट्या पात्याला घर देतात. "गुरुजी, सगळा चाकू एकाच उत्तम धातूचा कां करीत नाहींत?" असें एका विद्यार्थ्यानें मला विचारलें होतें. त्याचें उत्तर इंग्लंडांतील शेफील्ड शहराच्या इतिहासांत सांपडतें.

इ. स. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नांवाच्या घड्याळजीला घड्याळाच्या कमानीसाठीं एकसारखें पोलाद मिळेना. तेव्हांचें पोलाद कोठें कठीण, तर कोठें मऊ असे. शेफील्डजवळ हँड्सवर्थ येथें त्यानें तें मातीच्या मुशींत वितळवून एकजीव केलें. परंतु गांवच्या चाकूवाल्यांनीं, हें फार कठीण आहे, घडवितां येत नाहीं, म्हणून तें नाकारलें. हंट्समन तें फ्रान्सला विकूं लागला. आणि तिकडील चाकू बाजारांत सरस ठरल्यावर शेफील्डकरांचे डोळे उघडले, असें सांगतात.

कमानीसाठीं शोधलेलें हें पोलाद पात्यालाहि उत्तम ठरलें. मात्र दोघांचा संस्कार वेगळा. तापवून विझविलेलें, म्हणजे पाणी दिलेलें पोलाद कठीण पण ठिसूळ असतें. म्हणून तें पुन्हां मंद आंचेवर धरतात. वाळल्या गवतासारखा पिवळा रंग आला कीं पातें काढावयाचें. कमानीसाठीं निळा रंग येईपर्यंत थांबावयाचें. पिवळ्यावर काढलेली कमान मोडेल, निळ्यावर काढलेलें पातें लवकर बोथट होईल. आंतल्या पट्ट्यांना पितळ योजिलें, कारण त्याला लोखंडासारखा गंज चढत नाहीं आणि पोलाद त्यावर सहज सरकतें. एकोणिसाव्या शतकांत मुठीच्या टोकांना जर्मन सिल्व्हर आलें; त्यांत तांबें, जस्त व निकेल असतें, चांदी मुळींच नाहीं.

१९१३ सालीं त्याच शेफील्डांत हॅरी ब्रेअर्ली हे बंदुकीच्या नळ्यांची झीज थांबविण्याचा उपाय शोधीत होते. शेंकडा सुमारें १३ भाग क्रोमियम असलेलें त्यांचें पोलाद गंजेना. पण चाकूवाले पुन्हां हंसले. न कापणाऱ्या चाकूंचा जनक म्हणून त्यांची थट्टा झाली. वस्तुतः त्या पोलादाला नेहमींपेक्षां अधिक उष्णतेवर पाणी द्यावें लागे, व जुन्या सवयीचे हात तें देत नव्हते. हें उमगल्यावर तेंच पोलाद घरोघर पोंचलें. स्वित्झर्लंडांतील 'व्हिक्टोरिया' या चाकूच्या नांवाला १९२१ सालीं 'इनॉक्स', म्हणजे न गंजणारें, हा शब्द जोडला जाऊन 'व्हिक्टोरिनॉक्स' झालें.

दोन्ही वेळां धातूंत खोट नव्हती. त्याला कोणती आंच मानवते, याची पारख नव्हती. प्रश्न विचारणारा तो मुलगा पाढ्यांत कच्चा होता. मीं त्याला कितीदां तरी वर्गांत उभें केलें होतें. शाळेंतील उमेदीचीं वर्षें मीं सर्वांना एकाच रंगावर तापविण्यांत घालविलीं, हें आतां चाकू उघडतांना आठवतें.