'हाल्ते'तला उपरा 'ल'

बसथांब्याला डच माणूस 'बुसहाल्ते' म्हणतो. यातला 'बुस' बाहेरचा, हे कुणीही ओळखेल. 'हाल्ते' मात्र जर्मन 'हाल्टन' आणि इंग्रजी 'होल्ड' यांच्याच कुळातलं, म्हणजे अस्सल घरचं वाटतं. फसगत होते ती इथेच.

डचमध्ये फार पूर्वी एक ध्वनिबदल होऊन गेला. 'अल', 'ओल' यांच्यापुढे 'त' किंवा 'द' आला, की 'ल' विरघळून तिथे 'औ' उमटला. म्हणून इंग्रजी 'ओल्ड', तर डच 'औत'. 'कोल्ड'ला 'कौत', 'सॉल्ट'ला 'झौत'. याच न्यायाने 'हाल्टन'च्या जोडीचं डच क्रियापद 'हौदन' झालं. मग 'हाल्ते'तला 'ल' शाबूत राहिला कसा? शब्द नंतर आला म्हणून! जर्मन सैन्यातला 'हाल्ट!' हा हुकूम फ्रेंचांनी उचलला आणि त्याचं मुक्काम, विसावा अशा अर्थाचं 'आल्त' हे नाम केलं (लिहिताना त्यात 'ह' असतो, बोलताना नसतो). तेच नाम डचांनी घेतलं. आपल्या रेल्वेवरच्या छोट्या 'हॉल्ट' स्थानकांचं मूळही त्याच जर्मन हुकमात आहे.

'बुस'ची गोष्ट तर अधिकच गमतीची. फ्रान्सच्या नांत शहरात 1826च्या सुमारास स्तानिस्लास बोद्री यांनी घोड्यांच्या गाड्या सुरू केल्या. त्यांना 'ऑम्निबस' नाव पडलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'सर्वांसाठी'. ऑम्नेस नावाच्या टोपीवाल्याच्या दुकानावरच्या पाटीवरून हे नाव आलं, असं सांगतात. कथा खुमासदार आहे, पुरावा नाही. पुढे शब्द तोडला तो नेमका प्रत्ययाशी. 'सर्वांना' मधलं 'ना' तेवढं उचलून गाडीला नाव द्यावं, तसा प्रकार! अर्थ सांगणारा भाग गळाला, विभक्ती रस्त्यावर धावू लागली.

डचमध्ये आणखी एक 'बुस' आहे. त्याचा अर्थ डबा, पेटी. टपालपेटी म्हणजे 'ब्रीव्हनबुस'. त्याचा गाडीशी काडीचाही संबंध नाही. तो ग्रीक 'पिक्सिस', म्हणजे डबी, या शब्दावरून लॅटिनमार्गे आला.

डच राजवटीबरोबर 'हाल्ते' इंडोनेशियात पोहोचलं आणि राजवट गेल्यावरही टिकलं. तिथे विशेषण नामाच्या मागून येतं, त्यामुळे जोडी उलटून 'हाल्ते बस' झाली. 2004 साली जकार्तात 'ट्रान्सजकार्ता' बससेवा सुरू झाली, तिचे थांबेही 'हाल्ते'च म्हणवले जातात.