फ्लॉवर्स फॉर अल्जर्नॉन

कृत्रिमरीत्या वाढवलेल्या मानवी बुद्धीवरील प्रसिद्ध अमेरिकन विज्ञानकथा. लेखक डॅनियल कीझ (१९२७–२०१४). प्रथम प्रसिद्धी एप्रिल १९५९. ह्यूगो पुरस्कार १९६०. इंग्रजी शिकवणाऱ्या कीझला मंदगती मुलांच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारले होते : खूप अभ्यास करून हुशार झालो, तर मला नेहमीच्या वर्गात घ्याल का? कथेचे एक मूळ या प्रश्नात आहे.

बुद्ध्यंक ६८ असलेला सदतीस वर्षांचा चार्ली गॉर्डन कारखान्यात झाडलोट करतो. मेंदूवरील शस्त्रक्रियेने त्याची बुद्धी तिप्पट होते. हीच शस्त्रक्रिया आधी अल्जर्नॉन या उंदरावर झालेली असते. पुढे उंदराची बुद्धी ओसरू लागते आणि आपलेही तेच होणार, हे चार्ली स्वतःच्या संशोधनाने सिद्ध करतो. एका खानावळीत पोऱ्याच्या हातून बशा फुटतात, सारे हसतात, चार्लीही हसतो. मग त्या मुलात त्याला आपलाच जुना चेहरा दिसतो. कथेतील हा सर्वांत हृदयस्पर्शी प्रसंग.

सारी कथा चार्लीच्या रोजनिशीतून उलगडते. त्याची बुद्धी शुद्धलेखनातून चढते आणि उतरते. मराठीत हे आणायचे, तर ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे यांवरच भार टाकावा लागेल. शेवट गोड करण्याची एका संपादकाची सूचना कीझने नाकारली, हे योग्यच झाले. १९६६ मध्ये कथेची कादंबरी झाली. तिच्यावरील ‘चार्ली’ (१९६८) या चित्रपटासाठी क्लिफ रॉबर्टसनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले.