फिरत्या ढालीचें मूळ

लोणावळ्याजवळील तुंगार्लीच्या धरणावरून पुढें निघालेली वाट राजमाचीच्या श्रीवर्धन व मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांकडे जाते. लोणावळ्याच्या दुसऱ्या अंगास १५ फेब्रुवारी १९४५ पासून नौदलाची 'शिवाजी' ही यंत्रविद्येची संस्था आहे. एकीकडे जुन्या मावळ्यांचा गड, दुसरीकडे नव्या नाविकांची शाळा. गडावरच्या शिपायाची ढाल आणि आजचे छात्रसैनिक शर्यतींत जिंकतात ती ढाल, या दोन्ही एकाच कुळांतल्या काय, हा प्रश्न येथें सहज मनांत येतो.

मराठा शिपायाची ढाल वाटोळी, फुगीर व बहुधा कातड्याची असे. गेंड्याच्या कातड्याची ढाल विशेष मोलाची. तिच्यावरील चार फुल्या केवळ शोभेच्या नसत; मागील मुठीच्या कड्या त्यांच्याच आधारें घट्ट बसत. बक्षिसाची ढाल बहुधा निराळी दिसते. ती वर रुंद व खालीं निमुळती, लांकडी फळीवर धातूचें काम केलेली, आणि कडेनें विजेत्यांच्या नांवांचे लहान पत्रे बसविलेली अशी असते. हा घाट युरोपांतील सरदारांच्या कुलचिन्हांवरून आला.

तिची चाल इंग्लंडांत पडली. १८५९ सालीं फ्रान्सच्या स्वारीच्या भयानें तेथें ठिकठिकाणीं स्वयंसैनिकांचीं पथकें उभीं राहिलीं. १८६१ सालीं लॉर्ड ॲशबर्टन यांनीं शाळकरी मुलांच्या नेमबाजीसाठीं एक ढाल दिली. ती प्रथम रग्बीच्या शाळेनें जिंकली. अशी ढाल विजेत्यानें वर्षभर सांभाळावी व पुढील वर्षीं पुन्हां पणास लावावी, असा नियम असतो. म्हणून ती 'फिरती'.

हिंदुस्थानांत मात्र अडचण ढालीची नव्हती, बंदुकीची होती. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगणें हा हिंदी माणसास गुन्हा ठरला. युरोपियनांस त्यांतून सूट होती. ज्याच्या हातीं बंदूक नाहीं, त्यानें नेमबाजीची ढाल जिंकावी कशी? १९१७ च्या कायद्यानें महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचीं पथकें निघालीं, तेव्हां दार थोडें किलकिलें झालें. १९३७ सालीं डॉ. मुंजे यांनीं नाशिक येथें भोंसला सैनिकी विद्यालय सुरू केलें. पुढें पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून कायदा झाला, आणि १५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली.

श्रोतेहो, जुन्या मराठींत 'ढाल' या शब्दास आणखी एक अर्थ आहे: सेनेच्या अग्रभागीं चालणारें मोठें निशाण. दरवर्षीं प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरांत छात्रसेनेच्या सर्वोत्तम विभागास पंतप्रधानांचें निशाण मिळतें. बक्षिसाच्या ढालीचा घाट विलायतेहून आला असला, तरी तिच्या मराठी नांवांतील हा जुना अर्थ त्या निशाणानें जागा ठेविला आहे. जिंकलेली ढाल वर्षअखेर परत करावी लागते. ती जिंकण्यास उभें राहण्याचा जो हक्क सत्तर वर्षांनीं हातीं आला, तो मात्र परत करावयाचा नाहीं.