मोटारीच्या दारातील स्पीकरची तारजोडणी

डॅशबोर्डमधील डेकपासून किंवा वेगळ्या अँपपासून दारातील स्पीकरपर्यंत नवी तार नेण्याचे काम. खालच्या श्रेणीच्या गाड्यांत मूळची तार अनेकदा नसतेच. जुन्या गाड्यांत ती बिजागरीपाशी तुटलेली निघते. कारण काहीही असो, कामाचा खरा कस लागतो तो बॉडी आणि दार यांच्यामधल्या वीतभर जागेत.

मोटारीत रेडिओ रुळला तो १९३०च्या दशकात. अमेरिकेत ‘मोटोरोला’ हे नाव १९३० साली मोटारीतल्या रेडिओसाठीच घेतले गेले. त्या काळी स्पीकर दारात नसे. पुढे कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीतही तो बहुधा मागच्या काचेखालच्या फळीवर बसवला जाई, आणि तार गालिच्याखालून निवांत जाई. स्पीकर दारात आला तेव्हा तारेच्या वाट्याला हालचाल आली. दिवसातून दहा वेळा दार उघडले, तर वर्षात ३,६५० वेळा ती वाकते.

म्हणूनच बिजागरीपाशी लवचिक रबरी नळी असते. नवी तार तिच्यातूनच न्यावी. आधी एक ताठ तार आत सरकवून तिच्या टोकाला नवी तार टेपने बांधतात आणि ओढून घेतात. काही गाड्यांत नळीऐवजी मोठा कपलर असतो. त्यात रिकामी पिन मिळाली तर उत्तम. पत्र्याला भोक पाडणे हा शेवटचा उपाय. त्याची कड घासून, गंज चढू नये म्हणून रंगवून, रबरी ग्रोमेट बसवल्याशिवाय तार आत घालू नये, नाहीतर धारेवर तिचे आवरण कापले जाते.

दाराच्या आत पाणी जातेच. ते तळाच्या छिद्रांतून बाहेर पडावे अशीच रचना असते. त्यामुळे दाराच्या पॅडमागचा, हे पाणी गाडीत येऊ न देणारा प्लॅस्टिकचा पडदा फाडून टाकणे हा घोर निष्काळजीपणा आहे. तो पूर्ववत चिकटवावा. काच पूर्ण खाली उतरवून तिचा मार्ग बघूनच तार क्लिपांनी बांधावी. पिवळ्या आवरणाच्या तारा व कपलर एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये आणि काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण जोडणी काढावी.

जाड तारेने आवाज पालटतो, असे दुकानांत ठासून सांगितले जाते. हिशेब वेगळे सांगतो. तीन मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन सहा मीटर तार लागते. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो, ०.५च्या तारेत सुमारे ०.२. चार ओहमच्या स्पीकरपुढे हा फरक कानाला जेमतेम जाणवेल. मात्र तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त तार वारंवार वाकवल्यावर लवकर तुटते. बारीक तंतूंची शुद्ध तांब्याची तार घ्यावी ती या टिकाऊपणासाठी.

बाजारातल्या बहुतेक डेकमध्ये पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची व करडी पुढच्या उजव्याची. काळ्या पट्टीची तार ऋण. ही ऋण तार बॉडीला कधीही अर्थ करू नये, डेकमधला अँप जळू शकतो. स्पीकरच्या टोकांची खूण पुसली असेल, तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. स्पीकरचा पडदा बाहेर आला की सेलच्या धन बाजूचे टोक धन. एका दारात ही टोके उलटी लागली, तर दोन्ही बाजूंचा खर्ज एकमेकांना मारतो.

जोड कसा द्यावा हे हवामानावरही ठरते. सोलापुरात पावसापेक्षा उन्हाचा जाच मोठा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि तिथल्या सात रस्ता चौकात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे पत्रे त्याहून कितीतरी अधिक तापतात. साध्या काळ्या टेपचा डिंक अशा उष्णतेत पाघळतो, टेप सुटते आणि जोड उघडा पडतो. येथे डाख दिलेला किंवा नीट दाबलेला जोड आणि त्यावर आवळून बसणारी उष्णता-नळीच हवी.

पॅड बसल्यावर यातले काहीच दिसत नाही. म्हणून ग्राहकाने ते बसवण्यापूर्वीच गाडीपाशी यावे, गाणे चालू ठेवून दार पूर्ण उघडावे, मिटावे, काच वरखाली करावी, आणि आवाज एकदाही तुटला नाही तरच पैसे द्यावेत.