लेखणीने केलेला वध

उरीया हित्तीला दाविदाने स्वतःच्या हाताने मारले नाही. त्याने यवाबाला पत्र लिहिले, आणि ते पत्र घेऊन जाणाराही उरीयाच होता. तरीही नाथान संदेष्ट्याने तो वध राजाच्याच माथी मांडला (२ शमुवेल ११–१२). पवित्र शास्त्राचा हा निवाडा मानवी न्यायालयांच्या गळी उतरण्यास मात्र फार काळ लागला. यहुद्यांच्या वंशसंहाराचा इतिहास याची साक्ष देतो.

२० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या वान्झे भागातील, सरोवराकाठच्या एका बंगल्यात नाझी राजवटीच्या पंधरा अधिकाऱ्यांची बैठक भरली. त्यांत गृह, न्याय व परराष्ट्र खात्यांचे वरिष्ठ अधिकारी होते. आडोल्फ आइखमान याने सिद्ध केलेल्या इतिवृत्तात युरोपातील सुमारे १ कोटी १० लाख यहुद्यांची देशवार गणना आहे. परंतु मृत्यूच्या योजनेस तेथे 'स्थलांतर' असे सौम्य नाव दिलेले आढळते. या इतिवृत्ताची एकच प्रत १९४७ साली परराष्ट्र खात्याच्या कागदपत्रांत सापडली.

१९६० साली आइखमानला अर्जेंटिनात पकडण्यात आले. आपण केवळ आज्ञा पाळून आगगाड्यांची व्यवस्था पाहिली, असा त्याचा बचाव होता. जेरुसलेमच्या न्यायालयाने १९६१ साली तो फेटाळला. शस्त्र चालविणाऱ्या हातापासून जसजसे दूर जावे तसतशी जबाबदारी सामान्यतः वाढतच जाते, असे मत न्यायालयाने नोंदविले. १९६२ साली त्याला फाशी झाली.

सर्वांचा असा हिशेब झाला नाही. वान्झे येथे हजर असलेला गृहखात्याचा विल्हेल्म स्टुकार्ट १९४९ साली न्यूरेंबर्ग येथे दोषी ठरला. परंतु तोवर भोगलेला कारावास हीच त्याची शिक्षा मानून त्याला सोडण्यात आले. वंशविषयक कायद्यांवर १९३६ साली त्याच्यासह भाष्य लिहिणारा हान्स ग्लोब्के तर १९५३ ते १९६३ पर्यंत पश्चिम जर्मनीच्या चॅन्सेलरच्या कार्यालयाचा प्रमुख होता. याउलट, श्टुटहोफ छावणीच्या कार्यालयातील एका वृद्ध टंकलेखिकेला १०,५०० हून अधिक हत्यांस साहाय्य केल्याबद्दल २०२२ साली दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. वरिष्ठ निसटले आणि टंकलेखिका सापडली, हे पाहून आम्हांस समाधान वाटत नाही. तथापि कागदाचे कामही अपराध ठरू शकते, हे तत्त्व त्यातून दृढ झाले.

आम्हां सेवकांना याहून जवळची एक गोष्ट येथे आहे. एप्रिल १९३३ च्या कायद्याने सरकारी नोकरांना आपला 'आर्य' वंश सिद्ध करावा लागे. जर्मनीत सर्वत्र मुलकी नोंदणी १८७६ पासूनची. त्याआधीचा पुरावा चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांतच मिळे. पाळकांनी ते उतारे काढून दिले. कोणाच्या पूर्वजांचा बाप्तिस्मा झाला नव्हता, हे त्या वह्यांवरूनच उघड होई. उलटपक्षी, १९४४ साली बुडापेस्टमध्ये बाप्तिस्म्याचे दाखले देऊन यहुद्यांना वाचविण्याचे यत्नही झाले.

अशा नोंदवह्या आजही आम्हां पाळकांच्या व उपदेशकांच्या हाती आहेत. कोणी दाखला मागितला असता तो कशासाठी हवा आहे, हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. तो आमच्या सेवेचाच भाग आहे. केवळ सही केली, एवढे म्हणून दावीद सुटला नाही, आणि आम्हीही सुटणार नाही.